तक्रार केली... पण पोच घेतली का?

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटांची बैठक होती. हिशेब झाला, हप्ते गोळा झाले, चहा झाला. बायका घरोघर पांगल्या. एक जण मात्र दाराशी चप्पल शोधत उगाच रेंगाळत होती. मी ओळखलं, हिला काहीतरी बोलायचं आहे. जवळ बसवलं तशी तिने पिशवीतून एक चुरगळलेली प्लास्टिकची थैली काढली. आत अर्जच अर्ज!

तिचं नाव, गाव इथे सांगत नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. दीड एकर धानाची बांधी, दोन शिकणारी मुलं आणि उरलेल्या वेळात बिड्या वळणं, एवढाच तिचा संसार. बांधीत जायची वहिवाटीची वाट बाजूच्या शेतकऱ्याने ऐन रोवणीच्या तोंडावर काटे टाकून बंद केली. ट्रॅक्टर जाईना. चिखलणी लांबली, रोवणी मागे पडली. विचारायला गेली तर "बाईमाणसाने वावराच्या गोष्टी करू नये" असं ऐकावं लागलं. दुसऱ्या खेपेला शिवी. तिसऱ्या खेपेला, "जास्त बोलशील तर पाहून घेऊ."

तिने तीन ठिकाणी अर्ज दिले. ग्रामपंचायतीत, तहसीलला आणि पोलिसांकडे.

मी विचारलं, "पोच कुठे आहे?"

"पोच म्हंजे का जी?"

"अर्ज मिळाल्याचा शिक्का. तारीख, सही."

"मागतली होती ना जी. तर बाबू म्हणे, आमच्यावर भरोसा नाही का?"

चार महिने तिचे अर्ज कुणाच्या तरी टेबलावर होते, पण ते तिथे आहेत याचा एकही पुरावा तिच्या हातात नव्हता. सरकारच्या दृष्टीने तिने तक्रार केलेलीच नव्हती.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, वाटेचं भांडण कोणत्या गावात नसतं? खरं आहे. पण त्या "पाहून घेऊ"ने माझ्या पोटात गोळा आला. त्याला कारण आहे. मी भंडारा जिल्ह्यात राहते आणि माझ्या वयाच्या इथल्या कुठल्याही बाईला ते कारण सांगावं लागत नाही.

नवरात्रातली ती संध्याकाळ

२९ सप्टेंबर २००६. नवरात्र चालू होतं, दसऱ्याला तीन दिवस होते. मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजी गावात त्या संध्याकाळी जमावाने भोतमांगे कुटुंबाच्या घरावर हल्ला केला. आई सुरेखा, बारावीत शिकणारी प्रियंका, सुधीर आणि रोशन हे दोन मुलगे, अशा चौघांना मारून टाकलं. मृतदेह कालव्यात सापडले. वडील भैयालाल तेवढे वाचले.

मी तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर होते. लग्नाला दोन वर्षं झालेली, मुलगी मांडीवर. कॉलेजात समाजशास्त्र शिकले होते, पण ती पुस्तकं माहेरच्या माळ्यावर राहिली होती. कुणीतरी दबक्या आवाजात बातमी सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याला काय करायचं? त्या भानगडीत पडू नको." मी पडले नाही. तिकडे हळूहळू सगळं बाहेर येत होतं आणि इकडे मी दिवाळीच्या चकल्या तळत होते. महिना उलटल्यावर नागपूर, अमरावतीत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा राज्याला जाग आली. मलाही तेव्हाच आली, हे आज कबूल करते.

पुढे त्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. वाचताना सगळ्यात जास्त काय लागलं, सांगू? ही हिंसा एका संध्याकाळी आकाशातून पडली नव्हती. ती पायरी पायरीने चढत आली होती आणि जवळजवळ प्रत्येक पायरीवर एखादं सरकारी दार होतं.

पहिली पायरी जमिनीची. भोतमांगे यांची पाचेक एकर जमीन होती. त्या जमिनीतून रस्ता काढण्यावरून वाद होता. दुसरी पायरी घराची. वर्षानुवर्षं गावात राहूनही या बौद्ध कुटुंबाला धड पक्कं घर बांधता आलं नव्हतं, ग्रामपंचायतीत त्यांची अडवणूक होत होती. गावात त्यांच्यासारखी घरं बोटावर मोजण्याइतकी. तिसरी पायरी ३ सप्टेंबर २००६ ची. भोतमांगे यांच्या बाजूने उभे राहणारे सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. सुरेखा आणि प्रियंका या मायलेकींनी न घाबरता साक्ष दिली, मारणारे ओळखले. चौथी पायरी २९ तारखेची. मारहाणीतले आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी पाचवी, शेवटची पायरी आली.

विचार करा. सुरेखाबाईंनी नेमकं तेच केलं होतं जे आपण शहाणपणाच्या सुरात बायकांना सांगतो. जमीन सोडू नका, मुलींना शिकवा, अन्याय दिसला तर साक्ष द्या. तिने आपलं काम केलं. साक्षीदार बाईला सांभाळणं हे ज्यांचं काम होतं, ते झालं नाही. नंतर हलगर्जीपणाबद्दल पोलिसांचं निलंबन झालं, शवविच्छेदन पुन्हा करावं लागलं, तपास सीबीआयकडे गेला. पण ही सगळी धावपळ माणसं गेल्यावरची.

भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवलं. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. हा सूडातून झालेला गुन्हा आहे असं न्यायालयाने मानलं, ॲट्रॉसिटी कायद्याखाली कुणी दोषी ठरलं नाही. आनंद तेलतुंबडे यांनी २००८ मध्ये खैरलांजीवर पुस्तक लिहिलं, त्यांच्यासारख्या अभ्यासकांना हे पटलं नाही. मलाही पटत नाही. जमीन, घर आणि तक्रार या तिन्ही ठिकाणी जी आडवी आली, ती जात नव्हती तर काय होतं? भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये गेले. मनासारखा न्याय मिळाल्याचं समाधान त्यांना मिळालं नाही.

गरीब म्हणून मार, की दार बंद म्हणून?

माझी ती मांडीवरची मुलगी आता नागपूरला कॉलेजात शिकते. सुट्टीत आली की तिचा अभ्यास आमच्या स्वयंपाकघरात होतो. एकदा भाजी निवडताना मी सहज म्हणाले, "गरिबी आहे तोवर मारामारी राहणारच." ती म्हणाली, "आई, एवढं सरळ नाही ते." आणि तिने मला दोन-तीन गोष्टी वाचून दाखवल्या.

जागतिक बँकेचा २०११ सालचा विकास अहवाल खास याच विषयावर होता, हिंसा आणि विकास. त्यात म्हटलं होतं की जगातले सुमारे दीडशे कोटी लोक अशा भागांत राहतात जिथे संघर्ष, अस्थिरता किंवा मोठ्या प्रमाणावर गुन्हेगारी हिंसा आहे. अशा एकाही गरीब देशाला तोवर संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेलं विकासाचं एकही उद्दिष्ट गाठता आलं नव्हतं. मात्र अहवालाने दोष केवळ गरिबीला दिला नाही. जिथे सुरक्षा, न्याय आणि रोजगार या तीन गोष्टी देणाऱ्या संस्थांवर लोकांचा विश्वास नसतो, तिथे हिंसा पुन्हा पुन्हा डोकं वर काढते, असा त्याचा मथितार्थ होता.

त्याच्या आधी २००८ मध्ये गरिबांच्या कायदेशीर हक्कांवर नेमलेल्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने सांगितलं होतं की जगातले चारशे कोटी लोक कायद्याच्या संरक्षणाबाहेर जगतात. कायदे असतात, पण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. घराचा कागद नाही, जमिनीवर नाव नाही, तक्रार लिहून घेणारं कुणी नाही. मग ज्याच्या हातात काठी, त्याचा निकाल!

मला एकदम थैलीतले ते अर्ज आठवले. मोठमोठ्या अहवालांत जे 'शासनव्यवस्था' म्हणून येतं, ते आपल्या गावात काय असतं? तलाठ्याची नोंद, ग्रामसेवकाची सही, ठाण्यातल्या हवालदाराचं "बसा बाई, काय झालं?" हे विचारणं. एवढंच. पण तेवढंच नसलं की पायऱ्या सुरू होतात. आणि गरिबीचं म्हणाल तर ती इथे असा घात करते. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला एक दार बंद झालं तर वकिलाचं दुसरं दार उघडता येतं. आमच्या या बाईची तहसीलची एक खेप म्हणजे त्या दिवसाच्या बिड्या बुडाल्या आणि एसटीचं भाडं गेलं. चौथ्या खेपेला ती गप्प बसते. समोरच्याला तेच हवं असतं.

घरातल्या पायऱ्या

हे फक्त वावराच्या धुऱ्यावर घडतं असं नाही. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चारांतल्या एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. गरीब घरांत प्रमाण जास्त, सधन घरांत कमी. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे, दार लावून घेतलेल्या बंगल्यातही मार आहेच. देशभरचा आकडा आणखी बोलका आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली. बाकीच्यांपैकी बहुतेकींनी कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

घरातही पायऱ्याच असतात. आधी टोमणा, मग पैशाची अडवणूक, मग माहेरी जाण्यावर बंदी, मग पहिली थप्पड. प्रत्येक पायरीवर आपण म्हणतो, "जाऊ दे, संसार आहे." कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. खैरलांजीला तेव्हा महिनाही झाला नव्हता. कायदा येऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या गटातल्या अर्ध्याअधिक बायकांना संरक्षण अधिकारी नावाचा माणूस असतो हे माहीत नव्हतं.

तक्रारी वाढल्या म्हणजे गाव बिघडलं?

आमच्याकडे एक समजूत आहे. ज्या गावातून पोलिसांत तक्रारी जास्त, ते गाव वाईट आणि जिथून तक्रारच नाही ते आदर्श! मुलीने मला याच्या उलट सांगणारा एक अभ्यास दाखवला. लक्ष्मी अय्यर, आनंदी मणी, प्राची मिश्रा आणि पेटिया टोपालोवा या चार अर्थतज्ज्ञ बायकांनी तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. पंचायतीत महिलांना आरक्षण मिळाल्यावर बायकांवरच्या गुन्ह्यांच्या नोंदी चाळीस टक्क्यांहून जास्त वाढल्या, असं त्यांना दिसलं. वाचून मी चमकले. बायका सत्तेत आल्या आणि गुन्हे वाढले? पण खोलात गेल्यावर त्यांना कळलं की अत्याचार वाढले नव्हते, ते सांगण्याचं धाडस वाढलं होतं. पंचायतीत आपली बाई बसलेली दिसली की दुसऱ्या बाईला ठाण्याची पायरी चढायचं बळ येतं आणि पोलिसही जास्त लक्ष देतात.

आपल्या तुमसर तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातला आणखी एक प्रयोग आहे. तिथल्या १८० पोलीस ठाण्यांचा अभ्यास २०२२ मध्ये 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात आला. काही ठाण्यांत महिलांसाठी वेगळा मदत कक्ष उघडला, बोलायला आडोसा दिला, पोलिसांना प्रशिक्षण दिलं. तिथे बायकांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या. जिथे कक्ष महिला पोलिसांनी चालवला, तिथे फरक विशेष दिसला. एक टेबल, एक खुर्ची, ऐकणारी एक बाई. यात कोट्यवधींचा खर्च नाही, सख्यांनो!

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. प्रश्न इतकाच, की त्या खुर्चीवर आपण बसतो की आपले 'हे'?

मग आपण काय करायचं?

मी काही वकील नाही. पण गटात काम करताना जे कामाला आलं ते सांगते. कात्रण कापून ठेवा.

अर्ज नेहमी दोन प्रतींत. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्यायची. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि पावती जपायची. पोच मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे, तो आपला हक्क आहे.

शेताची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत! म्हणून तारखेचा शिक्का मोलाचा.

गंभीर गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतली नाही तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. तातडीला ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारा किंवा १५१०० वर फोन करा. अनुसूचित जाती-जमातीच्या पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण मागण्याचा हक्क ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून स्पष्टपणे आला आहे. तो आधी असता आणि पाळला गेला असता तर... असो.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदावर होऊ देऊ नका. घराच्या नमुना आठवर आणि सातबारावर आपलं नाव आहे का, हे तिथेच विचारा.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. एकटीने जाऊ नका, एकटीला जाऊ देऊ नका. सुरेखाबाईंना कायदा कमी पडला तसं गावही कमी पडलं. शेजारच्या चार बायका त्यांच्यासोबत साक्षीला उभ्या राहिल्या असत्या तर? या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. पण मी स्वतः तेव्हा चकल्या तळत होते, हे मला माहीत आहे.

त्या थैलीचं पुढे काय झालं ते सांगते. आम्ही पाच जणी तिच्यासोबत तहसीलला गेलो. नवा अर्ज लिहिला. बाबूंनी पाच जणींकडे पाहिलं, एक अक्षर न बोलता शिक्का मारला. "पाहून घेऊ"ची लेखी तक्रारही ठाण्यात दिली, तिचीही पोच घेतली. आता स्थळ पाहणीची तारीख लागली आहे. काटे अजून तिथेच आहेत. धान डोक्यावरून काढावं लागतंय, म्हणून गटातल्या बायका आळीपाळीने तिला भारे वाहू लागतात.

वाट अडवणाऱ्याची बायकोसुद्धा शेजारच्या गटात आहे. मागच्या बैठकीत ती माझ्याजवळ आली आणि पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "मी घरी सांगून पायतो जी, बाई. पण माझं नाव नका घेऊ."

घेतलं नाही. पण तिला म्हटलं, पुढच्या वेळी आमच्यासोबत तहसीलला ये. बघू या, येते का.